टुपाकच्या आईने सोडवून आणलेल्या टेप आणि आपल्या घरातली ट्रंक



टुपाक शकूर या अमेरिकन रॅपरचे स्वतःच्या नावावरचे चार अल्बम तो जिवंत असताना निघाले आणि सहा तो मेल्यावर. हा हिशेब नीट लक्षात ठेवा. आजच्या लेखातलं माझं सगळं भांडण या चार आणि सहावर आहे.

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यातला एक कार्यकर्ता टुपाकवर कशाला लिहितोय, असं काहींना वाटेल. कारण आमच्या घरात आहे. माझा भाचा लातूरला नीटची तयारी करतो. मोबाइलच्या कव्हरवर मागे टुपाकचा फोटो, डोक्याला रुमाल बांधलेला. त्याच्या वसतिगृहातल्या खोलीत चार पोरं राहतात. एक उदगीरचा, एक देगलूरचा, एक जळकोटचा आणि हा. चौघांच्याही कानात तोच. मी त्यांना विचारलं, याचे अल्बम किती, कोणत्या साली, कोणतं गाणं कशावर? दोन-तीन गाण्यांच्या पुढे गाडी गेली नाही. मग विचारलं, वामनदादांची गाणी सांगा. तिथंही दोन-तीनच. तीही जयंतीला डीजेवर वाजतात तीच.

आपल्यातली काही जुनी माणसं अशा पोरांवर चिडतात. भीमगीतं सोडून हा परदेशी आरडाओरडा कशाला, म्हणतात. मला ते पटत नाही. पोरांनी टुपाक ऐकावा, पण पुरा ऐकावा. आणि तो ऐकून झाल्यावर आपल्या शाहिरांचं काय झालं, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

आधी नातं समजून घ्या. टुपाकची आई अफेनी शकूर ही न्यूयॉर्कच्या ब्लॅक पँथर पार्टीची कार्यकर्ती. १९६९ साली तिला वीस साथीदारांबरोबर कटाच्या खटल्यात गोवलं गेलं. तिने वकील न घेता स्वतःची बाजू स्वतः मांडली. मे १९७१ मध्ये सगळे निर्दोष सुटले, आणि १६ जून १९७१ रोजी टुपाक जन्मला. म्हणजे हे पोरगं आईच्या पोटात असतानाच कोर्टात उभं होतं. त्याचं नावही स्पॅनिश सत्तेविरुद्ध लढलेल्या पेरू देशातल्या आदिवासी बंडखोराचं. त्याच ब्लॅक पँथरचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर उभी केली. आणि त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या त्यांच्या अर्जाविषयी विचारणा केली होती. तेव्हा टुपाकचा फोटो लावणारं आपलं पोरगं वाट चुकलेलं नाही. ते चुलत घरात बसलं आहे.

आता अल्बम. पहिला, 'टुपॅकलिप्स नाऊ', नोव्हेंबर १९९१ चा. त्यात 'ब्रेंडाज गॉट अ बेबी' हे गाणं आहे. बारा वर्षांची मुलगी आई होते, अशी वर्तमानपत्रातली बातमी वाचून त्याने ते लिहिलं. अमेरिकेच्या उपाध्यक्षाने या अल्बमला समाजात जागा नाही, असं जाहीरपणे म्हटलं. वीस वर्षांच्या काळ्या पोराच्या गाण्याने उपाध्यक्षाची झोप उडते, यावरून गाण्याचं वजन कळतं. दुसरा १९९३ चा. त्यातलं 'कीप या हेड अप' हे गाणं लताशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या मुलीला अर्पण केलेलं आहे. लॉस एंजेलिसमध्ये संत्र्याच्या रसाच्या एका बाटलीवरून दुकानदारणीने तिला गोळी घातली होती. ही दोन गाणी ऐकताना मला आपले जलसे आठवतात. गावात काय घडलं ते नावानिशी सांगायचं, बातमी थंड व्हायच्या आत सांगायचं आणि ऐकणाऱ्याला खाली मान घालून घरी जाऊ द्यायचं नाही, हेच आपले शाहीर करत आले.

तिसरा अल्बम 'मी अगेन्स्ट द वर्ल्ड', मार्च १९९५ चा. त्यातला 'मी' इंग्रजी आहे, पण आपल्या पोरांना तो मराठी वाटला तरी अर्थ बिघडत नाही. हा अल्बम निघाला तेव्हा टुपाक तुरुंगात होता आणि अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. यातच 'डिअर मामा' आहे. चळवळ मोडल्यावर अफेनी व्यसनात सापडली होती. पोराने ते लपवलं नाही. व्यसन सांगितलं, गरिबी सांगितली आणि तरीही तू राणीच आहेस, असं आईला सांगितलं. २०१० साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हे गाणं राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतलं. लातूरच्या त्या खोलीत रात्री हेच गाणं लागतं. चौघांपैकी एकाची आई ऊसतोडीला जाते. त्याला इंग्रजी अर्धंच कळतं. गाणं मात्र पुरं कळतं.

चौथा, 'ऑल आइज ऑन मी', फेब्रुवारी १९९६ चा, दोन तबकड्यांचा, सत्तावीस गाण्यांचा. इथं सूर बदलतो. पैसा, गाड्या, सूडाची भाषा. तुरुंगातून जामिनावर सोडवणाऱ्या डेथ रो या कंपनीशी त्याने करार केला होता, त्याची किंमत या गाण्यांतून ऐकू येते. सात महिन्यांनी लास व्हेगासमध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि १३ सप्टेंबर १९९६ रोजी तो गेला. वय पंचवीस.

इथं एक गोष्ट ठणकावून सांगतो. टुपाक तुरुंगात होता तो चळवळीसाठी नव्हता. एका तरुणीच्या लैंगिक छळाच्या गुन्ह्यात त्याला शिक्षा झाली होती. त्याने आरोप नाकारला, पण ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. 'ब्रेंडा'चं दुःख लिहिणाऱ्याच्या नावावर ही नोंद आहे आणि ती पुसायचा अधिकार आपल्याला नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीविषयी इशारा दिला, तो गाण्यातल्या भक्तीलाही लागू आहे. टुपाक ऐका, त्याची पूजा मांडू नका.

आता मेल्यानंतरचे सहा. त्यातला पहिला त्याने मरण्याआधीच पुरा केला होता. तो नोव्हेंबर १९९६ मध्ये मॅकाव्हेली या नावाने आला. पुढचे पाच १९९७ ते २००६ या काळात निघाले. कुठून आले? हा माणूस स्टुडिओत रात्रंदिवस राबायचा. एक गाणं झालं की लगेच दुसरं. त्या सगळ्या टेप कंपनीच्या ताब्यात होत्या. मेल्यावर हिशेब काढला तर कंपनी म्हणते, तोच आमचं देणं लागतो! मित्रहो, हा हिशेब ओळखीचा वाटतो का? आपल्या आज्याच्या खात्यावर सावकार अंगठा घेऊन असाच हिशेब लिहायचा. पण इथं अंगठेबहाद्दर समोर नव्हता, पँथर होती. अफेनी कोर्टात गेली, अप्रकाशित टेप सोडवून घेतल्या आणि १९९७ साली अमारू नावाची स्वतःची कंपनी काढून पोराची गाणी बाहेर आणली.

यातले सगळेच अल्बम चांगले आहेत असं मी म्हणणार नाही. २००४ चा अल्बम एमिनेमने तयार केला. त्यात मेलेल्या माणसाचा आवाज कापून-जोडून नव्या ठेक्यावर बसवला म्हणून टुपाकच्या चाहत्यांनीच टीका केली, आणि ती रास्त आहे. पण टीका करायला तरी काहीतरी हातात होतं. टेप होत्या, तारखा होत्या, मूळ काय आणि भेसळ काय हे सांगता येत होतं. दस्तऐवज असला की वाद घालता येतो. तो नसेल तर नुसत्या आठवणी उरतात.

आता आपल्याकडे या. वामनदादा कर्डक १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले आणि १५ मे २००४ रोजी गेले. टुपाकला पाच वर्षं मिळाली, वामनदादांना साठ वर्षं मिळाली. हजारो गाणी लिहिली. एसटीने, पायी, मिळेल त्या वाहनाने महाराष्ट्र पालथा घातला. मला सांगा, त्यांच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं किती, कोणत्या साली, कोणत्या गावची, हे एका पानावर लिहिलेलं तुमच्यापैकी किती जणांच्या घरात आहे? टुपाकची यादी मोबाइलवर दोन मिनिटांत निघते. दादांची निघत नाही. आणि दादा तर सगळ्यांना माहीत असलेलं नाव. नांदेड-लातूरच्या तालुक्यातालुक्यातल्या गायन पार्ट्यांचं काय?

माझ्या लहानपणी आमच्या भागात बुद्ध-भीमगीतांचे जंगी सामने व्हायचे. समोरासमोर दोन स्टेज, दोन पार्ट्या, पेटी, ढोलकी, कोरस. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथं जुळवून जवाब द्यायचा. पहाटेपर्यंत. आजची पोरं रॅप बॅटल म्हणतात ते हेच. शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव गुंफायचा, जसा वामनदादांच्या गाण्यात 'वामन' येतो. रॅपरही गाण्यात स्वतःचं नाव घेतो. ज्याच्याकडे सातबारा नाही, त्याने आपली मालकी गाण्याच्या ओळीत नोंदवून ठेवली. ती ओळखूनच काही गायकांनी हे नाव काढून तिथं स्वतःचं नाव घातलं. अशी गाणी मी माझ्या कानांनी ऐकली आहेत.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि एचएमव्हीसारख्या मोठ्या कंपनीचं दार न ठोकता गाणं छापता येऊ लागलं. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घरोघरी गेला, पुढे आनंद-मिलिंद शिंदे आले. तालुक्याच्या गायकांनीही वर्गणी काढून, कुणी बायकोची पोत मोडून कॅसेटी काढल्या. बावरीनगर दाभडच्या धम्म परिषदेत, १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला सतरंजीवर मांडून त्या विकल्या. पुस्तक वाचता न येणाऱ्या माझ्या आजीला महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिर, पुणे करार हे सगळं क्रमाने पाठ होतं. तिने ते कॅसेटवरून शिकलं होतं.

त्या कॅसेटी आता लोखंडी ट्रंकेत, माळ्यावर, गोठ्यात आहेत. टेपला बुरशी लागते, फीत चिकटते, तुटते. किल्लारीच्या भूकंपात, गोदावरीच्या पुरात घरांबरोबर काय काय गेलं, त्याची मोजदाद कुणी केली नाही. भांड्यांचा पंचनामा होतो. आवाजाचा होत नाही.

आवाज वाचला तर काय होतं, याचंही उदाहरण आपल्याकडेच आहे. शाहीर विलास घोगरे. ११ जुलै १९९७ ला मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण गेले. चार दिवसांनी घोगरेंनी गळफास घेतला. त्यांचा आवाज आज ऐकू येतो, कारण आनंद पटवर्धन यांनी आधीच 'बॉम्बे: अवर सिटी' या चित्रपटासाठी त्यांना चित्रित केलं होतं, आणि पुढे २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये तो आवाज देशभर गेला. एका कॅमेऱ्यामुळे एक शाहीर उरला. ज्यांच्यासमोर कॅमेरा नव्हता, ते किती असतील?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला आपल्याच विद्वानांचा. ते म्हणतात, ही मौखिक परंपरा आहे, गाणं लोकांच्या ओठांवर जगतं, त्याला यादीत कशाला कोंडता? ऐकायला छान आहे. पण ओठांवर राहून आपलं काय काय टिकलं ते बघा. बाबासाहेबांची हस्तलिखितं वर्षानुवर्षं पेट्यांत पडून होती. ती वसंत मून यांनी खंडांच्या रूपाने बाहेर काढली, पहिला खंड १९७९ साली आला, म्हणून आज आपण पान क्रमांक देऊन भांडू शकतो. बाबासाहेबांच्या बाबतीत पुरावा हवा आणि शाहिरांच्या बाबतीत ओठ पुरतात, हा कुठला न्याय? जलशाचं महत्त्व सांगणारं वाक्य प्रत्येक वक्ता व्यासपीठावरून फेकतो आणि मानधनाचं पाकीट द्यायची वेळ आली की आयोजक गायब होतो. तीच वृत्ती या 'ओठांवर'च्या मागे आहे.

दुसरा आक्षेप पोरांचा. मामा, यूट्यूबवर सगळं असतं. नसतं. आमच्या तालुक्यातले एक गायक वारले. घरच्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही. त्यांच्या मुलाने वडिलांच्या आवाजातलं, वडिलांनीच लिहिलेलं गाणं जुन्या कॅसेटवरून यूट्यूबवर टाकलं. आठवडाभरात एका कंपनीचा दावा आला, हे गाणं आमचं. वडिलांचं गाणं कंपनीचं कसं झालं, हे विचारायला मुलाकडे कागद नाही, करार नाही, कॅसेटचं कव्हरसुद्धा नाही. तो गप्प बसला. टुपाकच्या आईला जे मिळालं ते याला का मिळालं नाही? तिच्याकडे आणि तिच्या वकिलांकडे कागद होते, आणि कंपनीसमोर उभं राहायची सवय होती.

म्हणून थोडा कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गीताचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क साधारणपणे ते काढणाऱ्या निर्मात्याकडे असतो, प्रकाशनापासून साठ वर्षं. गीताचा हक्क कवीकडे, त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. १९९४ च्या दुरुस्तीपासून करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा भक्कम केला की तो कंपनीला लिहून देता येत नाही. आपली किती गीतकार कुटुंबं हे जाणतात? लातूर-नांदेडच्या कोर्टांत आपले शेकडो तरुण वकील आहेत. एका शाहिराच्या घरचे कागद एका वकिलाने पाहिले तरी चळवळीचं मोठं काम होईल.

आणि सुरुवात नामांतराच्या गाण्यांपासून करा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना जातीयवाद्यांनी मारलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला नवं विद्यापीठ झालं, नांदेड-लातूरची महाविद्यालयं तिकडे गेली. म्हणजे ज्या जिल्ह्याने त्या नावासाठी जीव दिले, त्या जिल्ह्यातल्या पोरांच्या पदवीवर ते नाव नाही. मग ती सोळा वर्षं आपल्या पोरांना सांगणार कोण? त्या काळात गावोगावी गायलेली गाणी. ती अभ्यासक्रमात नाहीत. ट्रंकेत आहेत.

काम अवघड नाही. कॅसेटच्या कव्हरचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. वहीत लिहा: गाण्याची पहिली ओळ, कवी, गायक, संगीत, कंपनी, क्रमांक, साल, बाजू अ की ब. घरच्यांची लेखी परवानगी घ्या. टेपरेकॉर्डरचा हेड साफ करून, वायरने संगणकाला जोडून आवाज उतरवा. मोबाइल समोर धरून रेकॉर्ड करू नका, पंख्याचाही आवाज येतो. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. प्रती तीन ठेवा, तीन वेगळ्या घरांत. मूळ कॅसेट घरच्यांना परत द्या.

आज अमरावतीचा विपिन तातड मराठीत रॅप करतो, संभाजीनगरच्या राज मुंगासेवर २०२३ साली सरकारविरोधी रॅपसाठी गुन्हा दाखल होतो. म्हणजे शाहिराची जागा रिकामी नाही आणि शाहिरावरची नजरही हटलेली नाही. या पोरांनीही आत्तापासून आपल्या गाण्याची तारीख, आपला करार आणि मूळ फाइल जपावी.

माझ्या भाच्याला मी एवढंच काम दिलं आहे. परीक्षा झाली की सुट्टीत गावाकडे ये, त्या गायकाच्या मुलाबरोबर बस आणि ट्रंकेतल्या कॅसेटींची यादी कर. टुपाकचे दहा अल्बम सालासकट पाठ कर, हरकत नाही. अकराव्या ओळीपासून आपल्या तालुक्याची यादी सुरू झाली पाहिजे. येत्या १४ जानेवारीपर्यंत नांदेड आणि लातूरच्या प्रत्येक तालुक्यातून अशी एक तरी वही तयार व्हावी. ज्यांची होईल, त्यांनी कळवा. माझ्याकडचा टेपरेकॉर्डर चालू स्थितीत आहे आणि मी यायला तयार आहे.

जयभीम.